चावरें पिलूं

कुत्र्याचें पिलूं पाळण्याची हौस पुष्कळ मुलांना असते. आणि तें घरांत येऊन आठवडा लोटला म्हणजे 'हें इतकें चावतें कां?' हा प्रश्नहि पुष्कळ घरांत उत्पन्न होतो. आमच्या घरींहि तो झाला. किंबहुना, पुरें तीन महिन्यांचेंहि न झालेलें एक पिलूं घरांत ठेवावें कीं कोणास देऊन टाकावें, या विचारापर्यंत आमची मंडळी येऊन ठेपली होती. तो प्रसंग कसा आला व कसा टळला, हें सांगतां सांगतां त्यामागील कारणेंहि सांगावीं, या हेतूनें हा लेख लिहीत आहें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं कुत्रीं आहेत. त्यांच्या आईवडिलांनींहि तो वाचावा अशी माझी विनंति आहे. कारण पिलाच्या चावण्यांत पिलापेक्षां घरांतील मोठ्या माणसांच्याच चुका पुष्कळदां अधिक असतात, असें मला आढळून आलें.

आमचें पिलूं बुलडॉग जातीचें. माझ्या धाकट्या बंधूंनीं तें पुण्यास आमच्या घरीं आणलें, त्या वेळीं त्याचें वय नऊ आठवड्यांचें होतें. चपटें नाक, पुढें आलेला खालचा जबडा, गालांवरून लोंबणारी कातडी आणि कपाळावर आठ्या. एखाद्या सेवानिवृत्त मामलेदारानें रागावून ओसरीवर बसावें, तसा त्याचा एकंदर थाट! त्याचा गोल आकार पाहून आमच्या मातोश्रींनीं त्याचें नांव ढब्बू ठेवलें. 'याच्या तोंडाकडे पाहूनच चोर पळतील,' असें शेजारी म्हणाले. चोर कांहीं आले नाहींत. घरांतील माणसें मात्र पाय वर घेऊन खुर्चीवर बसूं लागलीं.

बुलडॉग या नांवानें पुष्कळांचा गैरसमज होतो. पूर्वीं इंग्लंडांत वळूला दोरानें खुंटाशीं बांधून त्याच्यावर कुत्रीं सोडण्याचा एक क्रूर खेळ चालत असे. कुत्र्यानें वळूचें नाक धरावें आणि कांहीं केल्या सोडूं नये, यांत त्याची मोठी बहादुरी मानली जाई. इ. स. १८३५ मध्यें तेथील पार्लमेंटनें कायदा करून हा खेळ बंद केला. त्याबरोबर ही जातहि नाहींशी व्हावयाची. परंतु तिच्या चाहत्यांनीं तिला सांभाळलें व पुढील अनेक पिढ्यांत शांत कुत्रीं निवडून निवडून तिचा स्वभाव सौम्य केला. आजचा बुलडॉग सामान्यतः स्वस्थ, थोडासा आळशी आणि माणसांत रमणारा असतो. तेव्हां 'चावणें याच्या रक्तांतच आहे' हा आमच्या बंधूंचा सिद्धांत बरोबर नव्हता. ढब्बू चावत असे तो बुलडॉग म्हणून नव्हे, तर पिलूं म्हणून.

आरंभीं या चावण्याचें आम्हांस कौतुकच वाटे. मातोश्रींचा पदर, माझ्या पायजम्याचा पाय, केरसुणी, जें हालेल तें त्यानें धरावें. बंधु तर त्याच्याशीं रोज हातानें कुस्ती खेळत, आणि तो त्यांच्या मनगटाला धरून लोंबकळला म्हणजे सारें घर हंसे. पुढें दोन आठवड्यांनीं एके सायंकाळीं माझी आठ वर्षांची पुतणी शाळेंतून येऊन चटईवर बसली असतां ढब्बूनें तीच कुस्ती तिच्याशीं मांडली, आणि तिच्या अंगठ्याखालीं दोन दांत रुतून रक्त आलें. मुलगी किंचाळली, घरांत धांवपळ झाली, आणि ज्या हातानें कुस्ती शिकविली होती, त्याच हातानें वर्तमानपत्राची गुंडाळी करून बंधूंनीं ढब्बूच्या तोंडावर तीन-चार फटके ओढले.

येथें कथा क्षणभर थांबवून एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. पिलूं घरचें आहे, गोजिरवाणें आहे, खेळतां खेळतां चावलें आहे, यांपैकीं कोणतीहि गोष्ट जखमेकडे दुर्लक्ष करण्यास पुरेशी नाहीं. अलर्क रोग, ज्याला आपण रेबीज म्हणतों, तो एकदां प्रगट झाला म्हणजे त्यांतून मनुष्य जवळ जवळ कधींच वांचत नाहीं. पण वेळींच उपाय केल्यास तो बहुतेक नेहमीं टाळतां येतो. कुत्र्याला या रोगाची लस साधारणतः तीन महिन्यांचा झाल्यावर टोंचतात; आमच्या ढब्बूला ती अद्याप टोंचलेली नव्हती. म्हणून वहिनींनीं मुलीचा हात वाहत्या पाण्याखालीं धरून साबणानें पुरीं पंधरा मिनिटें धुतला. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहींहि जखमेवर लावावयाचें नाहीं. नंतर आम्ही तिला तत्काळ डॉक्टरांकडे नेलें. रक्त आलें असल्यामुळें त्यांनीं जखमेभोंवतीं तयार प्रतिद्रव्यांचें औषध टोंचलें व दंडांत लशीची पहिली मात्रा दिली. पुढील मात्रा तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं झाल्या. पोटांत चौदा सुया घ्याव्या लागत, ती जुनी लस आपल्या देशांत २००४ सालच्या अखेरीस बंद झाली. तेव्हां त्या भीतीनें कोणत्याहि मुलानें चावा लपवूं नये. ओरखडा असला तरी घरीं सांगावें. रागें भरतील म्हणून मूल गप्प बसतें आणि तेथेंच घात होतो. यासाठीं पालकांनींहि आधीं जखम पाहावी, रागवावयाचें तें मागाहून.

आतां ढब्बूकडे वळूं. फटके खाल्ल्यावर तो दोन दिवस कपाटाखालीं बसून राहिला. 'बघा, शहाणा झाला,' असें बंधु म्हणाले. चौथ्या दिवशीं वहिनींनीं त्याला गोंजारण्यासाठीं हात पुढें केला, तों त्यानें मान आंखडून घेतली आणि दांत दाखवून तो गुरगुरला. यापूर्वीं तो चावत असे, पण गुरगुरला कधींच नव्हता. घरांत लहान मूल असतां असलें जनावर ठेवणें योग्य नव्हे, असें त्या रात्रीं मोठ्या माणसांचें ठरलें. पुतणी पांघरुणांत तोंड खुपसून रडत होती. ज्याच्यामुळें तिला सुया घ्याव्या लागल्या त्याच्यासाठीं ती रडते, याचें मला नवल वाटलें, आणि एकदां पशुवैद्यांचें मत घेऊन मग काय तें करूं, असें मीं मंडळींना सुचविलें.

पशुवैद्यांनीं पिलाला तपासण्यापूर्वीं आम्हांस दोन प्रश्न विचारले. याला भावंडें किती होतीं? आणि हा आईजवळ किती राहिला? बंधूंनीं सांगितलें कीं, भावंड एकच होतें. आणि आईखालीं पिलें चेंगरूं नयेत म्हणून पहिले कांहीं आठवडे त्यांना केवळ दूध पाजण्यापुरतें तिच्याजवळ नेत असत. 'मग याची शाळाच बुडाली आहे,' असें ते म्हणाले. या शाळेचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे.

कुत्र्याच्या पिलाला हात नाहींत. एखादी वस्तु मऊ आहे कीं कठीण, जिवंत आहे कीं निर्जीव, हें आपलें मूल हातानें चांचपून पाहतें; पिलूं तें तोंडानें पाहतें. दुधाचे दांत त्याला तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास फुटूं लागतात व ते एकंदर अठ्ठावीस असतात, टोंकें सुईसारखीं. जबड्यांत मात्र अद्याप फारसें बळ नसतें. भावंडांशीं खेळतां खेळतां एकानें दुसऱ्याचा कान जोरानें धरला कीं दुसरें केकाटतें आणि खेळ सोडून निघून जातें. खेळ मोडणें ही पिलाच्या जगांतील मोठी शिक्षा! असें दिवसांतून अनेक वेळां घडतां घडतां, किती जोरानें धरलें असतां खेळ चालू राहतो आणि किती जोरानें धरलें असतां तो मोडतो, याचें माप पिलाच्या जबड्यांत बसतें. आईहि, दांत लागूं लागले कीं, उठून जाते. अमेरिकेंतील मेन संस्थानांत बार हार्बर येथें स्कॉट व फुलर या दोन शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें कुत्र्यांच्या पिलांचें निरीक्षण करून १९६५ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या सामाजिक शिक्षणाचा मुख्य काळ होय, असें त्यांत दाखविलें आहे. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आंत पिलूं आईपासून तोडूं नये, असें जाणते लोक सांगतात.

बुलडॉगच्या नशिबीं हें शिक्षण पुष्कळदां अपुरें येतें. त्यांचीं डोकीं इतकीं मोठीं व आईची कंबर इतकी अरुंद कीं, बहुतेक पिलें पोट कापूनच बाहेर काढावीं लागतात. आई जड व बोजड. पिलें तिच्याखालीं सांपडतील या भयानें पाळणारे तीं वेगळीं ठेवतात. शिवाय पिलें थोडीं. माणसानें हौसेसाठीं एखाद्या प्राण्याचा आकार इतका बदलावा कीं, त्याला स्वाभाविकपणें जन्महि घेतां येऊं नये, हें मला तरी योग्य वाटत नाहीं; ढब्बू मला कितीहि आवडत असला तरी. पण पिलूं घरांत आल्यावर तो वाद व्यर्थ होय. बुडालेली शाळा मग आपणच चालवावी लागते, आणि तिच्यासाठीं वेळहि थोडा असतो. चार महिन्यांच्या सुमारास दुधाचे दांत पडूं लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस कायमचे दांत येतात, आणि जबड्यांत बळ भरतें. त्यापूर्वीं तोंडाला माप लागलें पाहिजे. कारण कितीहि गुणी कुत्रें झालें तरी एखादे दिवशीं त्याचें शेपूट दारांत सांपडतें, किंवा झोंपेंत त्याच्यावर कोणाचा पाय पडतो. त्या क्षणीं तें तोंड टाकतेंच. ज्याच्या तोंडाला लहानपणीं माप लागलें आहे त्याचा दांत पुष्कळदां नुसता लागून राहतो. ज्याला लागलें नाहीं त्याचा दांत हाडापर्यंत जातो.

मारण्यानें हें माप लागत नाहीं, हें आतां निराळें सांगावयास नको. माराचा अर्थ पिलानें एवढाच घेतला कीं, मनुष्याचा हात कधीं कधीं डोक्यावर आपटतो. म्हणून हात येतांना दिसला कीं सावध व्हावें. काहीं लोक पिलाचें तोंड मुठींत घट्ट दाबून धरतात, किंवा त्याला उताणें पाडून दाबून ठेवतात. हे प्रकार कोणत्याच जातीस योग्य नाहींत. पण बुलडॉगला ते विशेष घातक आहेत, कारण त्याचें नाक आंखूड व श्वासमार्ग अरुंद असल्यामुळें तोंड दाबतांच त्याचा जीव घाबरा होतो.

पशुवैद्यांनीं आम्हांस सांगितलेली रीत अगदीं साधी होती. पहिली गोष्ट, हाताची कुस्ती सर्वांनीं बंद करावी. दुसरी, दांत जोरानें लागला कीं हात हिसकावून घेऊं नये; कारण पळणारी वस्तु पाहिली कीं पिलूं तिच्यामागें लागणारच. हात जागच्या जागीं सैल सोडावा, 'बस झालें' असे दोन शब्द शांतपणें उच्चारावे, आणि खेळ थांबवावा. तरीहि तें सोडीना, तर आपण उठून पंधरा-वीस सेकंद दाराआड जावें. मग परत येऊन, जणूं कांहीं झालेंच नाहीं, असें खेळूं लागावें. तासभर कोंडून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आपण कशासाठीं कोंडलों गेलों, हें पिलूं तोंवर विसरून जातें. पहिल्या आठवड्यांत केवळ जोराच्या चाव्यालाच खेळ मोडावा. तो बंद झाला कीं मध्यम चाव्याला. आणि शेवटीं दांत अंगाला लागला तरी. एकदम सर्व बंद करावयास गेलें तर हलकें कोणतें व जड कोणतें, हा भेद शिकावयाचा राहून जातो. भावंडाप्रमाणें केकाटून दाखवावें, असेंहि कोणी सांगतात. कांहीं पिलांना तें लागू पडतें. पण मीं एकदां 'क्यांव' केलें, तेव्हां ढब्बूला इतका उत्साह चढला कीं, मातोश्रींनीं मलाच बाहेर जावयास सांगितलें.

पण नुसतें 'नको' म्हणून भागत नाहीं. 'मग काय चावूं?' याचें उत्तर पिलाला मिळालें पाहिजे. दांत पडूं लागले कीं हिरड्या शिवशिवतात. ओल्या फडक्याला गांठी मारून तें फ्रिजमध्यें गार करून दिल्यास त्याला फार आराम वाटतो. मात्र तें चावतां चावतां फाटूं लागलें कीं काढून घ्यावें. रबराचें भक्कम खेळणें चालतें. अति कठीण हाडूक देऊं नये, दांत मोडतो. चामड्याच्या कांड्याहि नकोत, कारण बुलडॉग त्यांचा तुकडा गिळूं पाहतो व तो घशांत अडकतो. जुनी चप्पल तर मुळींच देऊं नये; जुनी कोणती आणि कालच विकत घेतलेली कोणती, हें पिलाला कसें कळावें? आमच्याकडे या विद्येचें मूल्य वहाणांच्या एका नव्या जोडाइतकें पडलें.

'सोड' हा शब्दहि असाच शिकविला. मुठींत खाऊचा तुकडा धरून ती मूठ त्याच्या तोंडापुढें ठेवावयाची. तें चाटतें, ढोसतें, दांत लावतें. मूठ उघडावयाची नाहीं. कंटाळून त्यानें तोंड मागें घेतलें कीं त्याच क्षणीं 'सोड' म्हणून मूठ उघडावी. तिसऱ्या दिवशीं ढब्बू मूठ पाहतांच मागें सरकून बसूं लागला. मातोश्रींचा या प्रकरणांत आरंभीं मुळींच विश्वास नव्हता. परंतु तो पदर धरावयास आला कीं त्या खांबासारख्या निश्चल उभ्या राहत, आणि तो खालीं बसला कीं त्याला भाकरीचा कण टाकीत. पुढें पुढें त्या स्वयंपाकघरांत आल्या कीं ढब्बू आधींच बसलेला असे. वजन वाढेल म्हणून पशुवैद्यांनीं याबद्दल मातोश्रींना थोडे बोल लावले. त्यांनीं ते ऐकून घेतले, एवढेंच.

मी परीक्षेच्या एका कोऱ्या वहींत रोजचे चावे वेळेसह लिहून ठेवीत असें. पंधरा दिवसांनीं पानें चाळलीं तेव्हां दिसून आलें कीं, बहुतेक चावे सायंकाळीं सहा ते आठ या वेळांत पडले आहेत. मुलें शाळेंतून आलेलीं, दिवे लागलेले, बंधु कचेरींतून परतलेले. गडबड मोठी आणि दुपारची झोंप मोडलेली. या वयाच्या पिलाला दिवसांतून अठरा-वीस तास झोंप लागते. ती न मिळाल्यास तें पेंगुळण्याऐवजीं उलट पिसाटतें. लहान मुलांच्या आयांना हें सांगावयास नकोच. त्या दिवसापासून पांच वाजतां ढब्बूला आंतल्या खोलींत निजविण्याचा नियम केला, आणि वहीचीं पुढचीं पानें पुष्कळशीं कोरीं राहूं लागलीं. बुलडॉगला उन्हाळ्यांत दमवून दमवून शांत करूं जाणें मात्र फार धोक्याचें आहे. त्याला उष्णता बाहेर टाकतां येत नाहीं. धाप मोठ्यानें लागून जीभ निळसर दिसूं लागली तर खेळ थांबवून, त्याच्या अंगावर पाणी ओतून व वारा घालून त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे नेलें पाहिजे.

एक चावा मात्र कोणत्याच नियमांत बसेना. तोंड पुसावयास गेलें कीं तो हमखास अंगावर येई. पशुवैद्यांनीं नाकावरची वळी उलगडून दाखविली, तों आंत ओलसर लाल चट्टा! बुलडॉगच्या चेहऱ्यावरील वळ्यांत ओल राहून कातडी सोलवटते. तेथें आम्ही रोज कोरड्या फडक्यानें घांसत होतों. औषध लावून, वळी हलक्या हातानें पुसून कोरडी ठेवूं लागल्यावर तें चावणें आठ दिवसांत थांबलें. तेव्हां एखाद्या ठराविक जागीं हात लावतांच पिलूं चावत असेल, किंवा अंग ताठ करून, नजर रोखून, थाळीवरून गुरगुरत असेल, तर तो खेळ नव्हे. घरगुती उपाय न करतां जाणत्यास दाखवावें.

हाताची भीति जावयास सर्वांत अधिक दिवस लागले. बंधूंना पशुवैद्यांनीं एक काम लावून दिलें होतें: रोज जमिनीवर बसावयाचें, ढब्बूकडे पाहावयाचेंहि नाहीं, आणि तळहातावर दाणे ठेवून हात खालीं पसरून ठेवावयाचा. डोक्यावरून हात न्यावयाचा नाहीं. तो आपण होऊन जवळ आला तर छातीखालीं खाजवावें. अकरा दिवस ढब्बू दाणे घेऊन पळून जाई. बाराव्या दिवशीं तो दाणे खाऊन तेथेंच बसला. बंधु त्या रात्रीं जेवतांना कांहीं बोलले नाहींत. पण वर्तमानपत्राची घडी मोडून ठेवण्याची त्यांची संवय तेव्हांपासून गेली.

पुतणीसाठीं आम्हीं दोनच नियम केले. मोठें माणूस जवळ नसतां त्याच्याशीं खेळावयाचें नाहीं. आणि तो जेवत किंवा निजला असतां त्याला हात लावावयाचा नाहीं. ती ते कसोशीनें पाळते, आणि घरीं येणाऱ्या मैत्रिणींकडूनहि पाळून घेते. ढब्बू आतां सात महिन्यांचा आहे. तिच्या हातांतून खाऊ घेतांना तो ओंठ इतके पुढें काढतो कीं दांत दिसतहि नाहींत. त्याचे बहुतेक दुधाचे दांत आम्हांस न कळत गेले; पिलें ते पुष्कळदां गिळून टाकतात. एक मात्र गेल्या महिन्यांत चटईवर सांपडला. तांदुळाच्या दाण्याहून किंचित्‌ मोठा. पुतणीनें तो काड्यापेटींत कापसावर ठेवला आहे. वरचा एक सुळा अजून पडलेला नाहीं आणि त्याच्या शेजारींच नवा उगवला आहे. तो काढावा लागेल, असें पशुवैद्य म्हणतात, आणि त्यासाठीं येत्या शनिवारची वेळ दिली आहे.